मागे कोणाचीही अडचण नाही

अंकिता : …आणि हे दुसरं पान, आबा. हे तुम्ही उघडलेलंसुद्धा नाहीये. घडी अजून कडक आहे.

नाथाजी : पैल्या पानावर 'व्हिसा रिफ्यूज्ड' लिवलंय. त्याच्या फुडं काय वाचायचं आसतंय?

रंगूबाई : ह्यांचं कायमचं आसंच. वंगाळ बातमी आली की कागूद फडताळात आन् हे रानात. धा दिस झालं. क्रांतीला फोनवर मीच सांगटलं, की बाय, तुझ्या आईबाला न्हाई म्हनलं इंग्लंडवाल्यांनी.

अंकिता : आज्जी, थांब जरा. नाकारला म्हणजे कायमचा नाही नाकारला. पुन्हा अर्ज करता येतो. म्हणून तर मी रविवारचा क्लास बुडवून साताऱ्याहून एसटीनं आले. पण आधी का नाकारला ते कळायला पाहिजे, आणि ते ह्या दुसऱ्या पानावर आहे. मी वाचते, मराठीत सांगते. मधे कोणी बोलायचं नाही.

नाथाजी : पोरगी धावीत गेली आन् डायरेक्ट सुभेदार झाली.

अंकिता : सुभेदार नाही, वकील. ऐका. "तुम्ही दोघे मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने राहू इच्छिता."

रंगूबाई : सा म्हैनं? सा म्हैनं कुनी सांगटलं? मी सव्वा म्हैन्याचं म्हनत हुते.

नाथाजी : व्हिसा सा म्हैन्याचा आसतोय. सरकार देतंय तर कमी कशाला मागायचं? रेशनच्या दुकानात तू कवा कमी मागितलंस का?

अंकिता : आबा, मधे बोलायचं नाही ठरलंय. पुढे. "तुमच्या पत्रानुसार शेती पुतण्याकडे आहे, जनावर विकलेले आहे, मुलगा वेगळा राहतो, आणि तुमच्यावर कोणीही अवलंबून नाही. त्यामुळे मुदत संपल्यावर तुम्ही मायदेशी परत याल याबद्दल माझी खात्री पटत नाही." संपलं.

नाथाजी : खात्री पटत न्हाई?

अंकिता : असं लिहिलंय.

नाथाजी : चोवीस वर्सं तोफखान्यात काढली मी. सुट्टीवरनं एक दिस उशिरा हजर झालो आसंल तर दाखवावं कुनीबी. अंगाची हळद निघाली नव्हती तवा युनिटला रिपोर्ट केलाय. विचार तुझ्या आज्जीला.

रंगूबाई : तिला कशाला विचारायला लावता. मी बसलीया की हितं, चाळीस वर्सं तेच आठवत.

अंकिता : त्या साहेबाला हे कुठून कळणार? त्याला तुमचं पत्र तेवढं माहीत. ते लिहिलं कोणी? सांगलीच्या एजंटानं?

नाथाजी : त्यानं फॉर्म भरला. पत्र मी सोता लिवलं, मराठीत. त्यानं त्याचं विंग्रजी केलं. शब्दाला शब्द.

अंकिता : मराठीतलं आहे का?

रंगूबाई : ह्ये घे. त्याच फडताळात हाय.

अंकिता : "महोदय, निघण्यापूर्वी आम्ही घरची संपूर्ण व्यवस्था लावली आहे. शेत पुतण्या यशराज याच्याकडे वाट्याने दिले आहे. म्हैस विकली आहे. मुलगा साताऱ्यात नोकरीस असून स्वतंत्र राहतो. आमच्या मागे कोणाचीही अडचण नाही. आम्ही कोणावर अवलंबून नाही व आमच्यावर कोणी अवलंबून नाही." आबा, आबा, आबा.

नाथाजी : काय चुकलं त्यात? अक्षर बघ की.

अंकिता : अक्षर झकास आहे. पण तुम्ही स्वतःच लिहून दिलंत, की आम्हाला परत यायचं काही कारण नाही.

नाथाजी : आसं कुटं लिवलंय? आगं, कुटं लांब जायचं तर मागचं समदं बांधून जावं. पोस्टिंगला निघताना आमचा साहेब पैला हेच विचारायचा, घर में कोई दिक्कत? 'नहीं साब' म्हनलं की त्यो मानूस भरवशाचा. ज्याच्या मागं लफडी, त्याचं ध्यान ड्युटीवर ऱ्हात न्हाई.

अंकिता : तो फौजेतला साहेब. ह्या साहेबाचं बरोबर उलटं आहे. ह्याला वाटतं, मागे अडचण असेल तरच माणूस परत येतो.

रंगूबाई : मंग माझी म्हस कशापायी इकली?

नाथाजी : आता म्हशीचं काढू नगंस.

रंगूबाई : काढनार. दोन्ही येळंला भरून दूध देत हुती. कोरेगावच्या बाजारात दावं दुसऱ्याच्या हातात दिलं, तर वळून वळून माझ्याकडं बघत हुती. व्हिसासाठनं इकली म्हनं. तिनंच व्हिसा घालवला.

नाथाजी : उद्या दुसरी घिऊन येतो. लिव आंके, म्हस हाय म्हनून.

अंकिता : आज म्हैस नाही आणि उद्या म्हैस आली, हे त्यांना लगेच कळतं. खोटं काहीच लिहायचं नाही. एकदा खोटं सापडलं की पुढची कित्येक वर्षं अर्जसुद्धा करता येत नाही. शेत तुमच्याच नावावर आहे ना? सातबारा जोडू. पेन्शनचा कागद जोडू. आणि मुक्काम कमी करू. आत्याची तारीख कधीची?

रंगूबाई : आजपासनं आठ हप्ते. त्या आदी दोन हप्ते तरी पोचाया पायजे. मागल्या खेपंला तिथं कोन न्हवतं तिच्याजवळ. नवरा रात्रपाळीला. एकटीच दवाखान्यात गेली आन् रिकामी घरी आली. मला तिसऱ्या दिशी फोन केला, आई, काय न्हाई गं, जरा थकलीया म्हनून. पैलं बाळंतपन म्हायारी करायची रीत, तर डॉक्टर तिला इमानात बसू देत न्हाई. मंग म्हायारानं जायाचं का न्हाई तिच्याकडं?

अंकिता : जायचंच आहे, आज्जी. आधी दोन आठवडे आणि मग तुझा सव्वा महिना. म्हणजे दोन महिने. निकालाला तीन आठवडे लागतात, म्हणून अर्ज आजच गेला पाहिजे. मंगळवारी पुण्यात बोटांचे ठसे. आता परत नाकारला तर तिसऱ्यांदा करायला वेळच उरत नाही.

रंगूबाई : मिळंल का पर ह्या खेपंला?

अंकिता : एक रस्ता आहे. पण जाऊ दे.

नाथाजी : जाऊ दे काय? बोल.

अंकिता : माझ्या वर्गातली अल्फिया आहे ना, तिच्या आजी सांगलीला असतात, मेहरुनबी. त्यांचा मुलगा तिकडेच. पहिल्यांदा आजी-आजोबा दोघांनी अर्ज केला, नाकारला. दुसऱ्यांदा आजींनी एकट्यांनी केला, आजोबा घरी राहिले. मिळाला. नवरा इथे आहे म्हटल्यावर बाई परत येणार, असं धरतात. पण तुम्ही तर ब्लेझर शिवलाय, आबा. माझ्याकडून रोज फोनवर इंग्रजीचे धडे घेताय. म्हणून म्हटलं, जाऊ दे.

नाथाजी : ब्लेझर काय, लग्नाकार्यात घालता येतोय. माझा अर्ज काडून टाक. तिचा एकटीचा भर.

रंगूबाई : काय बोलताय? मी एकटी? मला साताऱ्याच्या स्टँडावर गाडी घावत न्हाई.

नाथाजी : विमानतळावर खुर्चीवर बशिवत्यात, ढकलत न्हेऊन इमानात सोडत्यात. मी चौकशी केलीया.

रंगूबाई : कवा केलीसा?

नाथाजी : केली. धा दिस काय नुसता बांधावर बसलो हुतो व्हय?

रंगूबाई : आवं, पर तिला बघायचंय तुमाला. तुमी ठरिवलेलं फौजेतलं स्थळ सोडून ती परदेशी नोकरीला निघाली, तवा तुमी मुंबईला सोडाय आला न्हाईसा. पोरगी आत जाईस्तोवर मागं बघत हुती. पाच वर्सं झाली त्याला. आता कुटं फोनवर 'आप्पा' म्हनाय लागली. आन् ह्या खेपंला बी तुमीच न्हाई?

नाथाजी : तवा मी रागानं आलो न्हाई. आता तू पोचावीस म्हनून मागं ऱ्हातोय. तिला सांग तसं.

रंगूबाई : मी न्हाई सांगायची. तुमचं तुमी सांगा, फोन करून.

नाथाजी : करीन. आदी ह्यो कागूद हू दे. भर गं आंके.

अंकिता : नक्की ना, आबा? एकदा पाठवला की त्यात बदल करता येत नाही.

नाथाजी : भर म्हनलं न्हवं.

अंकिता : बरं. मग ह्या वेळचं पत्र तुमच्या नावानं जाईल. मी तुमच्यापुढे लिहिते, तुम्ही सही करायची. "महोदय, माझी पत्नी रंगूबाई दोन महिन्यांनी परत येईल, कारण…" कारण काय?

नाथाजी : कारन तिचं घर हितं हाय.

अंकिता : घर तर मागच्या वेळीही होतं. ठोस सांगा. ती नसताना तुमच्या जेवणाचं काय?

नाथाजी : त्यात काय. लंगरात दोनशे मानसांचा भात शिजिवलाय मी.

अंकिता : कपडे? घर?

नाथाजी : फौजी मानूस हाय मी. तुझ्या आज्जीपरास चांगली घडी घालतो.

रंगूबाई : आन् शुगरची सुई?

अंकिता : कसली सुई?

रंगूबाई : रोज सकाळी मी टोचती. सात वर्सं झाली. हे भिताडाकडं तोंड करून बसत्यात आन् इचारत्यात, झालं का.

अंकिता : आबा, मला माहीतच नव्हतं.

नाथाजी : त्यात काय म्हाईत आसायचं. उपकेंद्रात मंगल नर्स हाय, ती टोचंल.

अंकिता : आजारी पडलात तर?

नाथाजी : यशराज हाय की शेजारी.

अंकिता : सणवार?

नाथाजी : तुझा बाप येतोय सुट्टीला. तू येतीस.

अंकिता : आबा, कळतंय का तुम्हाला? तुम्ही परत तेच पत्र लिहिताय. मागे कोणाचीही अडचण नाही. मी काय लिहू आता?

(बाहेर यशराजचा ट्रॅक्टर येऊन थांबतो आणि बंद होतो.)

रंगूबाई : ऱ्हाऊ दे पोरी. त्यांच्या तोंडातनं न्हाई यायचं ते. तूच लिव काय तरी तुझ्या मनानं.

अंकिता : माझ्या मनानं कसं लिहू? खाली सही आबांची आहे.

नाथाजी : दोन म्हैनं म्हनलीस न्हवं तू?

अंकिता : हो. आधीचे दोन आठवडे धरून.

नाथाजी : मंग लिव. दोन म्हैनं मी कसंबसं काढीन. त्याच्या फुडं मला जमनार न्हाई.