ऊब दिसणारी दुर्बीण

जानेवारीची सकाळ. दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलच्या बस स्टॉपवर एक सुभेदार, त्यांची बायको आणि लेक रिजच्या जंगलातल्या झुडपांकडे तोंड करून उभे होते.

“विजया, दुकानदारानं दोन्ही दुर्बिणी ट्रायलला दिल्यात, पण घ्यायची माझी. शिकारीची आहे! किलोमीटरवरचं रानडुक्कर दिसतं.”

“अहो, आपल्याला रानडुक्कर हवंय का? आपली गाभण कुत्री, पाखरी, कालपासून बेपत्ता आहे. या थंडीत व्याली असेल, तर पिल्लं टिकायची नाहीत. माझी जवळचं दाखवते, पण ऐसपैस दाखवते.”

“मम्मी, हिच्यात काय दिसतं?”

“ऊब दिसते, अक्षया.”

“म्हणजे कोण बोअर झालंय ते?”

“अगं, ती हिंदीतली ऊब! आपली वेगळी. घाल हात माझ्या काखेत. कळली?”

“अच्छा, ही! दे ना यार, मला बघू दे.”

“आईला यार म्हणतेस?”

“सॉरी. मम्मी! त्या कीकरच्या झाडाखाली एक मोठी ऊब आहे! शेपटी हलवतेय!”

“पाखरीच! आणि पोटाशी?”

“छोट्या छोट्या... चार!”

“सुभेदारसाहेब, तुमच्या शिकारीच्या दुर्बिणीत काय?”

“माकड. लांबचं.”

“पप्पा, चार नाही, पाच! आणि पाचही ऊब वळवळतायत!”