शैलावहिनींची नक्कल आणि वॉर्डाचं तिकीट

माझा जन्म करी रोडच्या चाळीतला, मूळ गाव कणकवलीकडचं, वडील मिलमध्ये, आणि मी पाळण्यात असल्यापासून बडबडा, असं आई सांगायची. पुढे या तोंडावरच माझं सगळं चाललं. गणपतीत निवेदन मी, लग्नात आहेर पुकारणारा मी, निवडणुकीत टेम्पोवर माईक धरून घसा बसवणाराही मीच, पक्षाच्या आमच्या शाखेचा उपशाखाप्रमुख. कुणाची नक्कल करू सांगा, बसल्या जागी करतो.

शाखेचा इतिहास काय सांगू तुम्हाला, महाभारत आहे. पहिले शाखाप्रमुख मिलमध्ये साचे, म्हणजे माग चालवणारे. वॉर्डात उभे राहिले, पडले, परत उभे राहिले, परत पडले, लोक म्हणायचे हा माणूस उभा राहतो तो पडायलाच. मग मिल बंद झाल्या, लोक चिडलेले, आणि त्याच माणसाला त्यांनी खांद्यावर घेऊन निवडून दिलं. पुढे एकदा बंडखोरीत वॉर्ड गेला, तो दत्ताभाऊंनी परत आणला, तेच आताचे शाखाप्रमुख. पक्ष फुटला, अर्धी पोरं पलीकडे गेली, शाखेच्या कुलपावरून हाणामारी झाली, पण भाऊ हलले नाहीत, हे मान्य करायलाच हवं.

पण शाखा म्हणजे काय हो, संध्याकाळी अडलेला माणूस येतो तेव्हा आत कोण बसलंय, एवढंच. आत असायच्या शैलावहिनी. आमच्याच मजल्यावरच्या, महिला आघाडीच्या. कुणाला हॉस्पिटलात खाट हवी, कुणाच्या पोरीला शाळेत प्रवेश हवा, वहिनी. त्यामुळे गेल्या निवडणुकीआधी सोडत निघाली आणि वॉर्ड महिला राखीव झाला, तेव्हा सगळ्यांनी त्यांनाच पेढा भरवला. मी भरवला, भाऊंनीही भरवला.

तिकिटाच्या मुलाखती दादरला, पक्षाच्या साहेबांसमोर. वहिनी आत जाऊन बाहेर आल्या, मग भाऊंना आणि मला बोलावलं. साहेबांनी मला विचारलं, काय रे, बाई बोलते कशी? आता मला असं विचारायचं म्हणजे माकडाला झाड दाखवायचं. मी उठलो, पदर खोचल्यासारखं केलं आणि चाळीचं पाणी बंद झालं तेव्हा पाणी खात्याच्या इंजिनिअरसमोर बोललेल्या वहिनी उभ्या केल्या. सुरुवात एकदम शुद्ध, आदरणीय साहेब, आपणांस विनंती की, आणि तिसऱ्या वाक्याला गाडी थेट मालवणात, मेल्या, तू आज न्हालंस मा? मग आमच्या पोरांनी काय पाप केल्यानी? अख्खी खोली हसली. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी अजून दोन वाक्यं जास्त केली, कारण हसू आलं की मला थांबता येत नाही. मग चष्मा लावून साहेब म्हणाले, सभागृहात अशी बोलली तर आपलंच हसं होईल. आणि भाऊ हळूच म्हणाले, आमची मिसेस ग्रॅज्युएट आहे, साहेब.

तिकीट तिथेच गेलं. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी हसण्याच्या उबेत बसून राहिलो.

वहिनी दोन दिवस शाखेत आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि भाऊंच्या मिसेसचा हात धरून दारोदार हिंडल्या, हिला दिलंत म्हणजे मला दिलंत, असं सांगत. आम्ही जिंकलो. गुलालात मी माईकवर ओरडत होतो आणि वहिनी खालून विचारत होत्या, काय खाल्लंस की नाही. मी माईक तोंडाशी नेऊन पुढची घोषणा दिली.

मला वाटायचं त्या नकलेचं त्यांना ठाऊक नाही. मग परवा शाखेत गर्दी होती, आणि वहिनी सहज म्हणाल्या,

"बाळ्या, साहेबांका माझी नक्कल करून दाखवलंस ती हय कर बघू."

मी टाळलं, घसा बसलाय म्हटलं. कर म्हणाल्या. केली. लोक हसले, वहिनीही हसल्या, अगदी मनापासून. मग म्हणाल्या,

"बरी केलंस. पण शेवट खय गेलो? तो इंजिनिअर त्याच सांजेक चाळीत इलो, स्वतः पाण्याची चावी फिरवल्यान, आणि जाताना माझ्या पाया पडलो. तू माझ्या बाजूकच उभो हुतंस."

होतो. बाजूलाच उभा होतो. तोवर त्या समोरच्या म्हातारीसाठी हॉस्पिटलला फोन लावायला लागल्या होत्या.

आता भाऊंच्या मिसेस सही करतात, कुठे करायची ते वहिनी दाखवतात, वॉर्ड चाललाय. देव वहिनींना आयुष्य देवो. मी रोज तिथेच बसतो, आणि कुणी नक्कल मागितली तर इंजिनिअर पाया पडेपर्यंत थांबत नाही. पण साहेब काही परत विचारत नाहीत.