मिलिंदचं बंदुकीचं शीट

हसू नका, पण आमच्या मिलिंदने बंदूक घ्यायलासुद्धा एक्सेल शीट केलं होतं. इथे अमेरिकेत आमच्या शेजारच्या गल्लीत घरफोडी झाली आणि त्याने मनावर घेतलं. एका कॉलममध्ये शॉर्ट बॅरल, म्हणजे आखूड नळीची रायफल, दुसऱ्यात तशीच दिसणारी पिस्तूल. रायफल खांद्याला टेकवता येते, पण तिला सरकारी परवानगी, बोटांचे ठसे आणि वाट बघणं. पिस्तूल लगेच घरी. प्रत्येक मुद्द्याला मार्क. तीन आठवडे मी ते रिव्ह्यू करत होतो.

शनिवारी आम्ही दुकानात गेलो. म्हाताऱ्या दुकानदाराने दोन्ही काउंटरवर ठेवल्या.

"थांबायची तयारी असेल तर रायफल घे."

"नको," मिलिंद म्हणाला. "आज मिळेल ती द्या."

"घरी कोण कोण असतं?"

"आता कोणी नाही. बायको मुलीला घेऊन नागपूरला गेली. परत येणार नाही म्हणते."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दुकानदाराने पिस्तूल उचलून परत कपाटात ठेवली. "आज नाही विकत मी." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "याला एकटं सोडू नकोस."

मी गाडी सरळ माझ्या घराकडे घेतली. वाटेत मिलिंदने फोनवर शीट उघडलं. मग म्हणाला, "यार, शीटमध्ये काही चुकलं का?"

तीन आठवड्यांत मी त्या शीटमधल्या चार चुका काढल्या होत्या. वहिनी कशा आहेत, हे एकदाही विचारलं नव्हतं.