दादाच्या वाक्यापुढे

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आई आणि तिची माहितीपट बनवणारी लेक बसल्या होत्या. आत त्या आईच्या सुनेच्या हाताला प्लास्टर घालणं चाललं होतं.

"तुझ्या फिल्ममधलं दादाचं ते वाक्य काढून टाक गं."

"सभेतलं? 'धर्म राखायचा तर मर्द बना, बाई आमच्यासाठी देवी आहे,' ते?"

"तेच."

"लोक हसतील त्याला म्हणून?"

"खोटं आहे म्हणून."

"वहिनी तर घसरले म्हणते."

"मी दारात उभी होते. त्यानेच पिरगळला हात."

"आई! आणि तू गप्प बसलीस?"

"बसले. पोटचा गोळा ना."

"वाक्य नाही काढणार मी. त्याच्याच तोंडचं आहे."

"मग राहू दे. सूनबाईची हरकत नसेल तर त्याच्यापुढे माझ्या तोंडचं लाव, दारातून पाहिलेलं. आणि चेहरा झाकू नकोस माझा."