कुंपणापलीकडचे कोच

आमच्या अन्वीच्या बेसबॉल टीमचं एक कोडं मला वर्षभर सुटत नव्हतं. लंडनमधल्या पिनरला दर रविवारी प्रॅक्टिस. कोच एकच, मैदान तेच. तरी बॉल टाकणाऱ्या पोरी, म्हणजे पिचर, एकदम तयार झाल्या आणि बॅटिंगवाल्या, आमच्या अन्वीसकट, होत्या तिथेच! शेवटी मी कोचबाईंना विचारलंच.

त्या म्हणाल्या, "तुम्हाला पिचिंग येतं?"

"छे! त्यातलं मला ओ की ठो कळत नाही."

"आणि बॅटिंग?"

"म्हणजे काय! कॉलेजात क्रिकेट टीमचा ओपनर होतो मी."

त्यांनी नुसतं कुंपणाकडे बोट दाखवलं. तिथे आमच्यातलेच चार बाप चहाचे फ्लास्क घेऊन एका सुरात ओरडत होते, "कोपर वर! डोकं स्थिर! बॅट सरळ!"

"पिचरना शिकवणारी मी एकटीच आहे," बाई म्हणाल्या.

मी चांगलाच वरमलो. परत येताना कारमध्ये अन्वीला म्हटलं, "यापुढे तुझ्या बॅटिंगवर एक शब्द बोलणार नाही. प्रॉमिस."

"इट्स ओके, बाबा. मी आता पिचर होणार आहे."

"अरे वा! मग बॉल सोडताना मनगट जरा..."

तिने हेडफोन लावले.