भिंतीमागचा शार्दूल

श्रीपेरुंबुदूरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर दोघं मराठीत बोलत होते.

“गेमवाल्यांनी तुला बॅन का केलं?”

“भिंतीमागे लपलेल्याला मी न बघता टिपलं. त्यांचं सॉफ्टवेअर म्हणतं, ही चीटिंग आहे.”

“मग तो तिथं आहे हे तुला कळलं कसं?”

“अरे, शार्दूल होता तो. नाव बदललंय, पण थोडं पळायचं, थांबायचं, मग उगाच उडी मारायची, ही खोड त्याचीच. मिरजेच्या कॅफेत शाळा बुडवून खेळायचो, तेव्हापासून तो त्याच भिंतीमागे लपतो.”

“त्याला सांगितलंस, मी आहे म्हणून?”

“टाइप करत होतो. तेवढ्यात अकाउंट बंद.”

“मग फोन कर की.”

“नंबर असता तर गेममध्ये कशाला शोधत बसलो असतो?”