गायीच्या वाट्याचं

अर्जुनी मोरगावच्या स्टँडवर गोंदियाची बस काही लागत नव्हती, आणि नंदाबाईच्या शेजारच्या मायलेकींचं बोलणं काही थांबत नव्हतं.

"माय, घरचा ओला कचरा मांगला होता ना? डब्यात गरम भात काऊन?"

"कचरा आणू कुठून? उष्टं, सालपटं, पेज, सारं गायीले जाते. म्हणून तुह्यासाठी शिजवला."

"अवो, आमी कॉलेजात कचऱ्यातून साखर काढून राहिलो. त्या साखरेचं प्लास्टिक बनवाचं आहे."

"मंग, भातात साखर नाही का?"

"आहे. पण हा कचरा नाही ना! आजच जमा कराचा आहे. सर भात घेणार नाहीत."

"म्हणजे फेकणाऱ्यायच्या पोरी पास, अन् माही नापास?"

बस आत शिरली. नंदाबाईनं घाईघाईनं पिशवीतलं केळं सोललं आणि साल पोरीपुढे धरली. पोरीच्या आधी मायचाच हात आला.

"आण वो बाई, गायीले होते."